तीन डब्यांचा रविवार

आमच्या घरात सबवूफरला कोणी सबवूफर म्हणत नसे. डबा म्हणत. "डबा भिंतीपासून सरकव," "डब्यावर ओले कपडे कोणी टाकले?", "आज दोन डबे द्यायचेत," असं दिवसभर चालायचं आणि नवख्या माणसाला वाटायचं, यांच्याकडे खानावळ आहे. एकदा माझी कॉलेजातली मैत्रीण घरी आलेली. आई तिला म्हणाली, "बस गं, अण्णा आत डबा भरतायत, वाट अडवून बसलेत. ते उठले की चहा टाकते." थोड्या वेळाने माझे वडील, म्हणजे अण्णा, बाहेर आले ते भुवयांपर्यंत कापसाने माखलेले. लाकडी खोक्याला आतून कापूस चिकटवला की स्पीकरचा आवाज आतल्या आत आपटत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. कापूस माझ्या गादीतला होता. मला कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस मी सतरंजीवर झोपले. डोंबिवलीत थंडी अशी काही पडत नाही, म्हणून ते खपून गेलं.

घर म्हणजे डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दिवाण, टीव्हीचं कपाट, आणि भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. तसबिरींच्या मागे अण्णांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले, कारण डबा वाजला की काचा थरथरायच्या आणि आई चिडायची. "निदान त्यांना तरी शांत बसू द्या," म्हणायची. आतल्या खोलीत स्वयंपाक, आईची स्टीलची मांडणी, आणि मांडणीखाली अण्णांचं प्लायवूड. संध्याकाळी एमआयडीसीकडून वास यायला लागला की सगळी इमारत धडाधड खिडक्या लावून घ्यायची. लोक वैतागायचे, अण्णा खूश व्हायचे. खिडक्या बंद झाल्या की खोली ऐकायला बरी होते म्हणे. रविवारी सकाळी खाडीकडची कोळीण मावशी पाटी घेऊन यायची. तिची हाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची, पण आमच्या दाराशी बसलेले अण्णा ढिम्म. आई आतून धावत यायची. "अहो, मावशी पुढे गेली ना! कोळंबी होती आज. दारात बसून करता काय?" अण्णा म्हणायचे, "तंद्री लागली गं."

ही तंद्री आमच्या घरात मोठी सोय होती. अण्णांनी हाकेला ओ दिली नाही, की तंद्री. आईने मीठ आणायला सांगितलं आणि ते पीठ घेऊन आले, की तंद्री. मी दहा वाक्यं बोलून झाल्यावर "काय म्हणालीस विजू?" आलं, की तंद्री. त्यात अण्णांचं वरून एक असायचं, की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. विशेषतः बायका. आई म्हणायची, "एवढी वर्षं ओरडतेय, आता घसा बसला माझा." आम्ही हसायचो. आज हे लिहिताना हात जरा थांबतो, पण तेव्हा हसायचो हे खरं.

अण्णा वागळे इस्टेटमध्ये लाउडस्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीत होते. आधी बरीच वर्षं प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्र्यातून स्पीकरचे सांगाडे ठोकून काढतात. मग त्यांना वूफरच्या टेस्टिंगला बसवलं. वूफर म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर. तो वाजवायचा, कान लावायचा, घासतोय का बघायचं, आणि पास की नापास ते सांगायचं. तिथून अण्णांना आपल्या कानाचा अभिमान चिकटला. मग कंपनीने बस्तान दुसऱ्या राज्यात हलवलं आणि अण्णा घरी आले. घराघरात व्हीसीडी प्लेअर यायला लागलेले ते दिवस. ज्याच्या घरी प्लेअर, त्याला सोबत धडाम आवाज हवाच असायचा. अण्णा ओळखीच्यांना डबे बनवून द्यायचे, पण तो धंदा नव्हता, घरी बसलेल्या माणसाचा उद्योग होता. बाकी बिल्डिंगमधले पुरुष सकाळी पाठीला बॅग लावून निघायचे तेव्हा अण्णा मुद्दाम मोरीत जाऊन वेळ काढायचे. ते कोणाला दिसायला नको असायचं.

डब्यांबद्दल मात्र त्यांना बोलतं करा. माझ्या मराठीच्या बाई व्याकरण शिकवायच्या त्याहून नेटकं ते सांगायचे. सबवूफरचं काम एकच, गाण्यातलं सगळ्यात खालचं तेवढं वाजवायचं. ढोल, बॉम्ब, ढगांचा गडगडाट. वरचं, म्हणजे गळा, बासरी, टाळ, हे सगळं त्याच्याकडे जायच्या आधीच कापून टाकायचं आणि ते छोट्या स्पीकरना द्यायचं. आता डब्यांत जाती तीन. पहिला बंद डबा. चारी बाजूंनी सीलबंद, आतली हवा आतच. हा स्पीकरला आवरून धरतो. ठोका पडतो आणि लगेच थांबतो, शेपूट राहत नाही. पण ताकद खातो, आणि दिसायला शिष्ट. दुसरा नळीचा डबा. याला पुढून किंवा मागून भोक, आणि भोकात नळी. स्पीकर मागे ढकलतो ती हवा फुकट न घालवता नळीतून बाहेर काढायची. कमी ताकदीत जास्त दणका. नळी किती लांब ठेवायची यात सगळी मेख, चुकली की डबा एकाच सुरात घुमत बसतो. अण्णा प्लंबरकडची पीव्हीसी नळी आणून करवतीने चिमूटभर चिमूटभर कापायचे, भोकासमोर मेणबत्ती धरायचे आणि ज्योत कशी हलते ते बघायचे. तिसरा उलट्या तोंडाचा. स्पीकर खाली, जमिनीकडे तोंड करून, डबा चार पायांवर उभा. हा लादीचाच उपयोग करून घेतो, आवाज कुठून येतो ते कळत नाही, सगळी खोलीच वाजतेय असं वाटतं. शिवाय पोरांची बोटं त्यात जात नाहीत.

माझा मुलगा परवा फोनवर असंच काहीतरी वाचत बसलेला. आम्ही आता ठाण्याला बाळकुमला राहतो, सतराव्या मजल्यावर. टीव्हीखाली पट्टीसारखा साउंडबार आणि सोफ्यामागे बिनवायरचा सबवूफर घ्यायचा त्याचा विचार. म्हणाला, "आई, सील्ड घेऊ की पोर्टेड? सगळे रिव्ह्यू वेगवेगळं सांगतायत." मी म्हटलं, खाली माणसं राहतात, बंद डबा घे, आणि उलट्या तोंडाचा तर अजिबात नको, सोळाव्या मजल्यावरचे वर येतील भांडायला. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी चिनी भाषा बोलले. मुलांना वाटतं, आपल्या आधी आईने फक्त पोळ्याच लाटल्या.

तर ठाण्यात एक दिनेशशेठ होते. स्टेशनजवळ त्यांचं टीव्ही आणि म्युझिक सिस्टिमचं दुकान. अण्णांनी बनवलेला एक डबा त्यांनी कोणाच्या तरी घरी ऐकला आणि निरोप धाडला, भेटून जा. अण्णा गेले. शेठचं म्हणणं, होम थिएटर घ्यायला गिऱ्हाईक येतं, चार डबे बघून गोंधळतं आणि न घेता जातं. त्यांना असा माणूस हवा होता जो गिऱ्हाइकाला बसवून, हा ऐका, तो ऐका, तुमच्या घराला हा बरा, असं समजावून सांगेल. "मनोहरभाऊ, आपको सिर्फ सुनना है और बोलना है," शेठ म्हणाले. ऐकणं आणि बोलणं. कायमची नोकरी. पण आधी त्यांना अण्णांचा कान बघायचा होता. तीन कंपन्यांची तीन मॉडेल आलेली, त्यांतलं एकच ते दुकानात ठेवणार होते. कोणतं, ते अण्णांनी सांगायचं.

अण्णा म्हणाले, "शेठ, दुकानात सगळेच वाजतात. डबा घरात ऐकायचा असतो. माझ्या घरी घेऊन या."

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने हातातलं काम खाली ठेवलं. मग तिने माळ्यावरून अण्णांचा जेवणाचा डबा काढला, तीन खणांचा, कंपनीत न्यायचे तो, आणि चिंच लावून घासायला बसली. मी म्हटलं, "अगं अजून कशात काही नाही." ती म्हणाली, "तू गप्प बस. माणूस घरात बसून बसून निम्मा झालाय माझा. हे जमायलाच पाहिजे." मला कॉलेज, मैत्रिणी, परीक्षा यांत घराचं फारसं दिसत नव्हतं. पण त्या संध्याकाळी आईचा घासणारा हात बघून मला पहिल्यांदा कळलं, की या रविवारी काय पणाला लागलंय.

रविवारी दुपारी शेठ आले. गोरे, गोल, हसरे, कपाळाला घाम. टेम्पोतून तीन खोकी उतरली. आईने मुगाची भजी तळायला घेतलेली आणि लग्नात मिळालेला काचेच्या ग्लासांचा सेट पहिल्यांदा बाहेर काढलेला. सहा ग्लास, कडेला सोनेरी रेघ, मांडणीच्या वरच्या फळीवर ओळीने मांडून ठेवलेले, कोकम सरबतासाठी. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. टीव्हीच्या कपाटावर दोन छोटे स्पीकर ठेवले, मधे ॲम्प्लिफायर, आणि मग त्यांनी एक गोष्ट केली ज्याने शेठ उडालेच. पहिला डबा उचलून त्यांनी दिवाणावर ठेवला, जिथे माणसाने बसायचं तिथे, आणि स्वतः इस्त्रीच्या शर्टासकट लादीवर रांगायला लागले.

"अरे भाऊ, ये क्या?" शेठ म्हणाले.

"माणूस आणि डबा यांच्या जागा बदलायच्या," अण्णा रांगता रांगता म्हणाले. "डबा माणसाच्या जागी ठेवायचा, आणि आपण भिंतीभिंतीने ऐकत जायचं. जिथे सगळ्यात साफ ऐकू येईल, ती डब्याची जागा. कोपऱ्यात ठेवला की फुगतो, मधे ठेवला की उपाशी मरतो. प्रत्येक घराची जागा वेगळी."

शेठ हसले, मग हसायचे थांबले, आणि थोड्या वेळाने तेही पायजमा सावरत रांगायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मला म्हणाली, "मोठी माणसं दिसतात का बघ." पण तिचा चेहरा फुललेला. गाडी रुळावर होती.

बंद डब्याबद्दल अण्णा म्हणाले, माल चांगला, पण गिऱ्हाईक फसेल, कारण दुकानाच्या गोंगाटात हा बिचारा मवाळ वाटतो. उलट्या तोंडाचा त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून बघितला, आपण कलिंगड ठोकतो तसा, आणि म्हणाले, लाकूड भुशाचं आहे, पाय हलके आहेत, दोन पावसाळ्यांत फुगेल. शेठ मान डोलवत होते. मग नळीचा डबा आला. मोठा, काळा, पुढून भोक. अण्णांनी तो हळू वाजवत मेणबत्ती लावून भोकासमोर धरली, ज्योत सरळ मागे वळली, आणि ते खूश झाले. "ह्याची नळी कोणीतरी डोकं लावून कापलीय." त्यांनी डब्याला दाराजवळची जागा दिली, एक ढोलाची सीडी लावली, ॲम्प्लिफायरसमोर मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि आवाज वाढवला.

आता आमची भांडी वाजायला लागली. आधी ताटं, मग वाट्या, मग कालथे-पळ्या. ती आमच्या सवयीची. पण वरच्या फळीवरचे ते सहा ग्लास एकमेकांना लागून किणकिणायला लागले आणि हळूहळू, चालायला लागले की हो. फळीच्या कडेकडे. आईच्या एका हातात झारा, समोर उकळतं तेल. ती तिथूनच ओरडली, "अहो बास! बास!"

अण्णांनी डोळे मिटलेलेच ठेवून मान हलवली. "हो हो, वाढवतो," म्हणाले, आणि हात पुढे करून बासचं बटण आणखी फिरवलं.

शेठ खो खो हसले. मीही हसले. ॲम्प्लिफायरवर जाड आवाजाच्या बटणापाशी इंग्रजीत 'बेस' लिहिलेलं असतं त्याला आमच्याकडे सगळे बासच म्हणायचे, आणि 'बास करा'मधला बासही तोच. हा विनोद अण्णांनी याआधीही केलेला. पण पहिला ग्लास पडला. खळ्ळकन. मी दचकले, शेठ दचकले, टेम्पोवाला दारातून आत डोकावला. मग दुसरा पडला, त्याच्यामागे तिसरा. काचा लादीवरून घरंगळत बाहेरच्या खोलीत आल्या. एक तुकडा अण्णांच्या पाठीमागे हातभर अंतरावर येऊन थांबला. आई झारा टाकून मांडणीला धावली, उरलेले तीन ग्लास तिने पोटाशी धरले, आणि तशीच उभी राहिली. ती माझ्याकडे बघत होती. मी अण्णांच्या पाठीकडे. ती पाठ हलली नव्हती.

गाणं संपलं. अण्णांनी डोळे उघडले आणि समाधानाने शेठना म्हणाले, "बघा. एवढा दणका, पण घरात एक भांडं वाजलं नाही. असा डबा पाहिजे. हाच ठेवा."

शेठनी क्षणभर काचांकडे बघितलं आणि जोरात हसले. त्यांना वाटलं, काय माणूस आहे, नुकसान झालं तरी मस्करी सोडत नाही. "मान गये भाऊ," म्हणाले. "पहिल्या तारखेपासून दुकानात या." भजी खाल्ली, सरबत स्टीलच्या पेल्यातून प्यायले, स्वयंपाकघराकडे वळून आईला म्हणाले, "भाभी, नवा सेट माझ्याकडून," आणि गेले. तोवर अण्णांची नजर शेठच्या तोंडावरून हलली नव्हती.

टेम्पो वळेपर्यंत अण्णा दारात उभे होते. मग आत आले, चप्पल काढायला वाकले आणि त्यांना काच दिसली. मग दुसरी. ते काचांच्या मागावर जात जात स्वयंपाकघरापर्यंत आले.

"हे कधी फुटलं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आई आता काहीतरी सारवासारव करेल. मांजर आलेलं, असं काहीतरी. नोकरी मिळालेली, पहिली तारीख ठरलेली, घासलेला डबा ओट्यावर चकाकत होता. आईने पदराला हात पुसले. "आत्ताच," ती म्हणाली. "तुम्ही डबा ऐकत होता तेव्हा. तुमच्या पाठीमागे."

अण्णांनी काचेचा एक तुकडा उचलून बघितला. माणूस टेस्टिंगमधला होता. त्यांनी वाद घातला नाही, तंद्रीचंही नाव काढलं नाही. स्टूल ओढलं, भिंतीकडे तोंड करून आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "अजून एक टाक."

"काहीतरीच काय!"

"टाक गं सुमन. मला बघू दे."

माझ्या आईने आयुष्यात कधी मुद्दाम एक बशी फोडली नव्हती. फुटका कपसुद्धा ती मीठ ठेवायला वापरायची. तिने उरलेल्या ग्लासांतला एक उचलला, डोळे मिटले आणि लादीवर सोडला. तो फुटला. माझ्या कानात अजून तो आवाज आहे, कारण एवढ्या शांततेत मी काच फुटताना त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही. अण्णा भिंतीकडे बघत बसून होते. गुडघ्यांवर हात, मान थोडी वाकडी, वूफरला कान लावताना करायचे तशी.

"टाक ना," ते म्हणाले.

आई रडायला लागली. मी रडले नाही. मला राग आला, कोणाचा ते कळत नव्हतं, त्या प्रेस शॉपचा, त्या डब्याचा, की आम्ही एवढी वर्षं ज्याला तंद्री म्हणत हसलो त्या आमच्याच हसण्याचा. मी अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, टाकला. फुटला." ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा मला आणखी एक समजलं, की ते कायमच ओठांकडे बघत असत, आणि म्हणून स्वयंपाकघरातून बोलणारी आई त्यांना तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखी वाटायची.

रात्री जेवायला बसलो. भजी उरलेली, ती कोणी खाल्ली नाहीत. हात धुताना अण्णा म्हणाले, "शेठला सांगायला पाहिजे." आई म्हणाली, "आधी डॉक्टरला दाखवू, मग बघू काय ते. ह्यात तुमची काय चोरी आहे?" अण्णा म्हणाले, "चोरी नाही. पण गिऱ्हाईक कानावर विश्वास ठेवून येणार. उद्या एखाद्या बाईने विचारलं, ह्यात गाणाऱ्याचा गळा कसा वाजतो, तर काय सांगू?" आईने उरलेल्या भज्यांवर ताट झाकलं. सकाळी ते कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेले आणि मला सोबत नेलं. बोलले ते स्वतः. पलीकडचं शेठचं म्हणणं मी ऐकून त्यांना समोरून सांगितलं. शेठनी आधी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. मग म्हणाले, रिपोर्ट घेऊन या, मग बोलू. एवढंच. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

कानाचा दवाखाना ठाण्यातच, नौपाड्याच्या एका गल्लीत. अण्णांना काचेच्या लहानशा खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. आई आणि मी बाहेर बाकावर. तपासणाऱ्या मुलीने नंतर एक कागद अण्णांच्या हातात दिला आणि मोठ्याने, समोर बघून समजावलं. चांगली होती. जाड आवाज तुम्हाला छान ऐकू येतात काका, म्हणाली, तरुण माणसासारखे. बारीक आवाज गेलेत. शिट्टी, घंटी, काच, बायकांचं बोलणं, स आणि श. मोठ्या आवाजात काम केलंय का? अण्णा म्हणाले, "प्रेस शॉप." ती म्हणाली, मग बरोबर आहे, आणि हे परत येत नाही. मशीन लावलं तर थोडा फरक पडेल. आईने माझा दंड एवढा घट्ट धरलेला, की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालेलं.

अण्णांचं मात्र त्या मुलीकडे लक्षच नव्हतं. ते कागदावरच्या आलेखाकडे बघत होते. डावीकडे, जाड आवाजाच्या बाजूला, रेघ वर, एकदम सपाट. मधे थोडी कललेली. आणि मग कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. असे आलेख त्यांनी कंपनीत हजारो बघितले असतील, प्रत्येक मालाबरोबर यायचे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बोटाने रेघ डावीकडून उजवीकडे गिरवली आणि जिथे ती पडायला लागते तिथे थांबले.

"अगं," ते आईला म्हणाले, "हा तर सबवूफर आहे."

आईला काहीच कळलं नाही. मला कळलं. मी नको तेवढ्या जोरात हसले आणि मग ते हसणं कुठेतरी भलतीकडेच गेलं. त्या मुलीने मला पाणी दिलं.

अण्णा उठले. कागदाची घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात घातली. "शेठला हाच दाखवतो," म्हणाले. "म्हणावं, सबवूफर विकायला सबवूफरच बसवा." शेठनी खरंच बसवलं, हे इथेच सांगून टाकते. दुकानात लोकांसमोर अण्णा सरळ म्हणायचे, खालचं मला विचारा, वरचं तुमच्या बायकोला ऐकू द्या. लोकांना ते आवडायचं. पण त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर यातलं काहीच माहीत नव्हतं. अण्णा पुढे, आम्ही दोघी मागे. मधल्या वळणावर ते थांबले आणि जिन्याच्या कठड्याला धरून, आमच्याकडे न बघता, दुकानात बोलावं तसं बोलले, "एकटा डबा काही कामाचा नसतो. त्याच्यासोबत दोन छोटे लागतात. ते आहेत आपल्याकडे."

आई दोन पायऱ्या वर उभी होती. तिने नाक पुसलं. तिचा आवाज बसलेला, कसाबसा निघत होता. "छोटं कोणाला म्हणता हो?" ती म्हणाली.

"अं?" अण्णा म्हणाले.

आई त्या दोन पायऱ्या उतरली, त्यांना वळसा घालून समोर जाऊन उभी राहिली, आणि तेच पुन्हा म्हणाली.